लायडनचे एक अक्षर

1784 साली मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट या शल्यविशारदाने बाळंतिणींच्या पायांवर एक पुस्तक लिहिले. बाळंतपण सुखरूप पार पडलेले असे, बाळही ठीक असे आणि मग आठ-पंधरा दिवसांत आईचा एक पाय, बहुधा डावा, जांघेपासून घोट्यापर्यंत सुजू लागे. कातडी ताणून पांढरीफटक होई, हात लावला तरी ती किंचाळे. इंग्लंडातल्या सुइणी त्याला दुधाचा पाय म्हणत. अंगावरचे दूध वाट चुकून पायात उतरते, असा समज होता आणि बाळाला नीट पाजत नसलेल्या आईकडे त्यामुळे बोट दाखवले जाई. व्हाइटला दुधाची गोष्ट पटली नाही. त्याने दोष लसिकावाहिन्यांवर ठेवला. तोही चुकलाच होता, पण आईला त्याने या आरोपातून सोडवले, हे विसरता येत नाही.

खरे कारण 1823 साली लंडनच्या डेव्हिड डेव्हिसने छापले. 1819 मध्ये व्हिक्टोरिया राणीचा जन्म झाला तेव्हा हजर असलेला हा प्रसूतितज्ज्ञ. या आजाराने दगावलेल्या बाळंतिणींच्या शवविच्छेदनात पायाच्या आणि ओटीपोटाच्या मोठ्या शिरा उघडल्या, तर आत रक्त गोठून बसलेले. पुढे बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखोने दाखवले की अशी गुठळी सुटून रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसात जाते आणि तिथली वाट अडवते. चालतीबोलती बाळंतीण अंथरुणातून उठली आणि क्षणात गेली, अशा मृत्यूंचा अर्थ तेव्हा कुठे लागला. उपाय म्हणून मात्र तिला आठवडेच्या आठवडे पलंगावर पडून राहायला लावत. पडून राहिल्याने शिरांतले रक्त आणखी संथ होते आणि गुठळीला आणखी फावते, हे कळून बाळंतिणीला लवकर चालवायला विसावे शतक निम्मे उलटले.

गरोदरपणात रक्त जास्त गोठते ते बिघाड म्हणून नव्हे. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. वार सुटते त्या घटकेला एवढ्या सगळ्या वाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. गर्भाशय आकसून त्या दाबतो, बाकीचे काम रक्ताने स्वतः गोठून करायचे असते. म्हणून शरीर महिनोन्‌महिने तयारी करते. गोठवणारी प्रथिने वाढतात, गोठणे आवरणारे प्रथिन एस उतरते. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने जगभर किती बायका गेल्या आणि अजून जातात, हे ठाऊक असणाऱ्याला या तयारीचे मोल सांगावे लागत नाही. तयारीची किंमत म्हणजे दर हजार गरोदरपणांमागे एखाद-दोन स्त्रियांना होणारी शिरेतली गुठळी.

पण ती नेमकी कोणाला? एकाच वाड्यात दोन जावा बाळंत होतात, एकीचा पाय सुजतो, दुसरीचा नाही. काही घराण्यांत आजी, आई, मावशी साऱ्यांनाच तो त्रास झालेला असतो. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता वैद्यकाला एक खराखुरा शोध लागला, आणि त्या शोधाच्या जोरावर दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर घाईने देऊन टाकले गेले. पोटातले बाळ का जाते, हा तो दुसरा प्रश्न.

कहाणी ऑस्लोत सुरू होते, तीही उलट्या बाजूने. 1943 साली नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता. पॉल ओवरेन या तरुण डॉक्टरसमोर 29 वर्षांची एक स्त्री आली, जिचे रक्त लहानपणापासून थांबतच नसे. गोठण्याचे तेव्हा ठाऊक असलेले चारही घटक तिच्या रक्तात होते. ओवरेनने युद्धाच्या टंचाईत, हाताशी येईल त्या साहित्यानिशी निष्कर्ष काढला की पाचवा कोणीतरी आहे आणि तो हिच्यात नाही. त्याला त्याने रोमन आकड्यात पाच असे नाव दिले. युद्ध संपल्यावर 1947 मध्ये ते काम जगापुढे आले. गोठण्याच्या घटकांना आकड्यांनी ओळखण्याची पद्धत तिथून रुळली.

त्याच ऑस्लोत 1965 साली ओलाव एगेबर्गने एक कुटुंब तपासले. त्यात माणसामागून माणसाला गुठळ्या होत होत्या. त्यांच्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन हे गोठणे आवरणारे प्रथिन जवळजवळ निम्मेच होते. गुठळी वारशाने येऊ शकते याचा हा पहिला पक्का पुरावा. मग गोठणे आवरणारे प्रथिन सी आले. स्वीडनच्या योहान स्टेनफ्लोने ते 1976 मध्ये गाईच्या रक्तद्रवातून वेगळे केले आणि 1981 मध्ये कॅलिफोर्नियात जॉन ग्रिफिनच्या गटाने त्याची उणीव असलेले कुटुंब गाठले. 1984 मध्ये प्रथिन एसच्या उणिवेची कुटुंबे सापडली. पण ही सगळी कुटुंबे एकत्र केली तरी गुठळीच्या शंभर रुग्णांतले फार थोडे त्यात बसत. घराण्यात गुठळ्या आहेत, प्रथिने मात्र पूर्ण आहेत, अशी माणसे दवाखान्यात येतच होती.

असाच एक रुग्ण माल्मोच्या ब्यॉर्न डालबॅककडे आला. डालबॅकने त्याच्या रक्तद्रवात सक्रिय केलेले प्रथिन सी बाहेरून घातले. कोणाच्याही रक्तात ते घातले की गोठायला जास्त वेळ लागतो, इथे फरक पडेना. लगाम ओढावा आणि घोड्याने दाद देऊ नये, तसे. नातेवाइकांचे रक्त तपासले, त्यातल्या कित्येकांतही तेच. फेब्रुवारी 1993 मध्ये डालबॅकने हे प्रसिद्ध केले आणि युरोपातल्या डझनभर प्रयोगशाळांत दिवे रात्री उशिरापर्यंत जळू लागले.

शर्यत जिंकली ती लायडनने. हॉलंडमधले कालव्यांचे हे शहर 1575 च्या विद्यापीठासाठी प्रसिद्ध. पण या शोधामागे विद्यापीठाइतकाच एका साध्या सार्वजनिक व्यवस्थेचा हात होता. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांची नियमित तपासणी करून मात्रा ठरवणारी केंद्रे हॉलंडने 1949 पासून शहरोशहरी उभी केली होती. गुठळी झालेला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या वहीत सापडे. लायडनच्या संशोधकांनी लायडन, अ‍ॅम्स्टरडॅम आणि रॉटरडॅमच्या केंद्रांतून पहिली गुठळी झालेले 474 रुग्ण घेतले. तुलनेसाठी निरोगी माणसे हवी होती, तर प्रत्येकाला सांगितले, तुमच्या वयाचा, गुठळी न झालेला एखादा मित्र नाहीतर शेजारी घेऊन या. ज्यांना कोणी आणता आले नाही त्यांच्यासाठी इतर रुग्णांचे जोडीदार घेतले. मोठमोठ्या यंत्रांच्या काळातही एका शतकाचा प्रश्न सुटायला शेजाऱ्याचा हात धरून आणणारी माणसे लागली, याचे कौतुक वाटते.

मे 1994 मध्ये रोखिर बर्टिना आणि सहकाऱ्यांनी उत्तर छापले. ओवरेनचा तोच पाचवा घटक. त्याच्या जनुकात 1691 व्या जागी जी या अक्षराऐवजी ए, एवढाच बदल. त्याने प्रथिनाच्या 506 व्या जागेवर आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन येते. प्रथिन सी नेमक्या त्याच जागी पाचव्या घटकाला कापून निकामी करत असते, आता तिथे ते चटकन कापू शकत नाही. ऑस्लोच्या त्या बाईंकडे पाचवा घटक नव्हता म्हणून रक्त वाहत राहिले, इथे पाचवा घटक थांबायला तयार नाही म्हणून रक्त गोठत राहते. शहराच्या नावावरून या बदलाला लायडन म्हणू लागले. गुठळीच्या रुग्णांत तो सुमारे 20 टक्क्यांत होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांत सुमारे 3 टक्क्यांत. एका पालकाकडून तो आला तर पहिल्या गुठळीचा धोका सातपट, दोघांकडून आला तर ऐंशीपट, असे फ्रित्स रोझेंडाल यांनी 1995 मध्ये मांडले. त्याच्या आदल्याच वर्षी यान फान्डेनब्रुके यांनी दाखवले होते की हा बदल असलेल्या स्त्रीने गर्भनिरोधक गोळी घेतली तर धोका तीसपटीहून वर जातो. 1996 मध्ये लायडननेच दुसरा बदल शोधला, प्रोथ्रॉम्बिन या गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात 20210 व्या जागी.

इथपर्यंतचे सारे भक्कम आहे आणि आजही उभे आहे. आईला होणाऱ्या गुठळीचे एक मोठे कोडे सुटले होते.

मग नजर वारेकडे वळली. वार म्हणजे दोन रक्तांचे शेजार. एका बाजूला आईचे रक्त, पातळ पडद्यापलीकडे बाळाचे. बाळ गेल्यावर वार कापून पाहिली की तीत गोठलेले रक्त आणि मेलेले भाग अनेकदा दिसत. आईच्या पायात गुठळी होते, तर वारेत का होणार नाही? ऑक्टोबर 1996 मध्ये युरोपभरच्या केंद्रांनी वारशाने गोठण्याचा दोष असलेल्या 571 स्त्रियांची 1524 गरोदरपणे तपासली, तुलनेला 395 इतर स्त्रियांची 1019. दोष असलेल्यांत उशिरा, म्हणजे सातव्या महिन्यानंतर, मूल पोटात दगावण्याची शक्यता साडेतीनपटीच्या पुढे निघाली. लवकर होणाऱ्या गर्भपातांत फरक मात्र अगदी थोडा होता. 1999 मध्ये तेल अवीवच्या मायकेल कुप्फरमिन्क यांनी गरोदरपणात रक्तदाब भयंकर वाढलेल्या, वार अकाली सुटलेल्या, बाळ खुरटलेल्या किंवा मृत जन्मलेल्या 110 स्त्रिया आणि सुरळीत बाळंत झालेल्या 110 स्त्रिया शेजारी ठेवल्या. पहिल्या गटात 52 टक्क्यांकडे जनुकीय बदल होते, दुसऱ्यात 17 टक्क्यांकडे.

हे आकडे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या मनाची कल्पना करावी. तीन-तीन, चार-चार वेळा दिवस राहून हाताशी काहीच न लागलेल्या स्त्रिया त्यांच्यासमोर बसत. सगळ्या तपासण्या चांगल्या येत. सांगायला काही नसे. घरी मात्र सासरचे, शेजारचे कारणे पुरवतच: जिना चढली, पपई खाल्ली, प्रवास केला, वेळच्या वेळी देवाचे केले नाही. त्या बाईला आता एक कागद दाखवता येणार होता, ज्यावर छापलेले होते की दोष तिच्या वागण्यात नाही, रक्तातल्या एका अक्षरात आहे. शिवाय त्यावर औषध होते. हेपॅरिन 1916 मध्ये बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत प्रथम सापडले, डुकराच्या आतड्यांतून काढले जाते आणि त्याचा रेणू इतका मोठा असतो की तो वार ओलांडून बाळाकडे जात नाही. रक्त पातळ करणारे वॉरफरिन जाते आणि बाळाचे नाक, हाडे बिघडवते, म्हणून ते वर्ज्य. हेपॅरिनचाच तुलनेने लहान रेणूंचा प्रकार दिवसातून एकदा पोटाच्या कातडीत टोचले की पुरे. 2004 मध्ये फ्रान्सच्या नीम शहरातल्या ज्याँ-क्रिस्तॉफ ग्री यांनी वारशाचा दोष असलेल्या आणि दहाव्या आठवड्यानंतर एकदा बाळ गमावलेल्या 160 स्त्रियांत अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची तुलना केली. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या 80 पैकी 23 जणींच्या हाती बाळ आले, हेपॅरिन घेणाऱ्या 80 पैकी 69 जणींच्या. असा फरक वैद्यकात क्वचित दिसतो. इंजेक्शने जगभर निघाली.

मुंबई-पुण्यातही निघाली. दोन गर्भपातांनंतर तपासण्यांची यादी लिहून देणे, तीत लायडनपासून एमटीएचएफआर या जनुकापर्यंत सारे असणे आणि मग नऊ महिने रोज एक टोचा, हे चित्र आपल्याकडच्या कितीतरी घरांना ओळखीचे आहे. बेंबीभोवती काळेनिळे डाग, फ्रीजच्या दारात औषधांची खोकी, टोचायला शिकलेला नवरा. मध्यमवर्गीय घराला हा खर्च जड जातो. तरी कोणी कुरकुरत नाही, कारण पर्याय काय असतो ते सगळ्यांना ठाऊक असते.

आपल्याकडे यात एक अडचण आणखी होती आणि ती अक्षराच्या इतिहासातच आहे. 1995 मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड रीस यांनी जगभरच्या लोकांत लायडन बदल मोजला. युरोपीयांच्या गुणसूत्रांत त्याचे प्रमाण 4.4 टक्के, ग्रीकांत 7 टक्के. आफ्रिका, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांत तो सापडला नाही. भारतात तो आहे, पण तुरळक. जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा तपासून इस्रायली संशोधकांनी काढले की आजचे सारे वाहक वीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाची लेकरे आहेत. म्हणजे हा बदल माणसे आफ्रिकेतून बाहेर पसरल्यानंतरचा. परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथल्या मंडळींनी आपल्या लोकांतील लायडन बदलाचा अभ्यास केला आहे. युरोपीय रक्तावर बेतलेली यादी जशीच्या तशी इथे उचलणे किती रास्त, हा प्रश्न खरे तर पहिल्या दिवसापासून विचारायला हवा होता.

पुढे युरोप-अमेरिकेतच या समजुतीचा पाया हलू लागला. आधीच्या अभ्यासांत बाळ गमावलेल्या स्त्रियांपासून सुरुवात करून मागे वळून पाहिले होते. तशाने जे मोठे दिसते ते पुढे पाहत गेले की अनेकदा विरते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात गरोदरपणाच्या सुरुवातीलाच 4885 स्त्रियांचे रक्त घेऊन ठेवले. 134 जणींमध्ये लायडन बदल होता. नऊ महिने वाट पाहिली. त्या 134 जणींत गर्भपात, वाढलेला रक्तदाब, सुटलेली वार किंवा खुरटलेले बाळ यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघाले नाही.

पाठोपाठ औषधाच्या कसोट्या आल्या. 2010 मध्ये हॉलंडमध्ये सास्किया मिडलडॉर्प यांच्या गटाने वारंवार आणि कारण न सापडता गर्भपात झालेल्या 364 स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत वाटले. अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन घेणाऱ्यांत 54.5 टक्क्यांना जिवंत बाळ झाले, नुसते अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत 50.8 टक्क्यांना, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 57 टक्क्यांना. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या नेतृत्वाखालच्या 294 स्त्रियांच्या चाचणीतही औषधाचा फायदा दिसला नाही. मग मार्क रॉजर यांची कॅनडाहून चाललेली चाचणी. 5 देश, 36 केंद्रे, वारशाचा दोष असलेल्या स्त्रिया, ज्यांना गुठळीचा किंवा गरोदरपणाच्या गुंतागुंतीचा धोका होता. 2000 पासून 2012 पर्यंत बारा वर्षे लागली, 292 स्त्रिया जमायला. इतकी वर्षे का लागली हे समजण्यासारखे आहे. बाळ गमावलेल्या बाईला सांगायचे, तुला औषध मिळेल की नाही ते नशिबावर, आणि तिने हो म्हणायचे. 2014 मध्ये निकाल आला. हेपॅरिनच्या गटात 17.1 टक्क्यांना काही ना काही विपरीत घडले, दुसऱ्या गटात 18.9 टक्क्यांना. हा फरक नसल्यातच जमा.

तरी एक शंका उरली होती. वारशाचा दोष आणि वारंवार गर्भपात, दोन्ही असलेल्या नेमक्या स्त्रियांवर मोठी चाचणी झाली नव्हती. ती 2023 मध्ये लॅन्सेटमध्ये आली, शिव्हॉन क्वेन्बी आणि मिडलडॉर्प यांची. ब्रिटन, हॉलंड, अमेरिका, बेल्जियम आणि स्लोव्हेनियातली 40 रुग्णालये, दोन किंवा अधिक वेळा गर्भ गमावलेल्या 326 स्त्रिया. हेपॅरिन घेणाऱ्यांत 72 टक्क्यांना जिवंत बाळ झाले, न घेणाऱ्यांत 71 टक्क्यांना. काळेनिळे डाग मात्र 45 टक्क्यांना पडले, दुसऱ्या गटात 10 टक्क्यांना.

या 71 टक्क्यांकडे नीट पाहावे. दोनदा, तीनदा, त्याहून जास्त वेळा आशा मोडलेल्या, रक्तात दोष असलेल्या आणि इंजेक्शन न घेतलेल्या शंभर स्त्रियांतल्या सत्तरहून अधिक जणी बाळ घेऊन घरी गेल्या. वीस वर्षे इंजेक्शनांचे यश म्हणून जे मोजले गेले, त्यातला मोठा भाग हा होता. त्या बाईचे पुढचे गरोदरपण बहुधा टिकणारच होते. ज्या डॉक्टरांनी टोचे लिहून दिले त्यांनी फसवले असे नाही, त्यांनी डोळ्यांनी बाळे पाहिली. पण पाहिलेले आणि सिद्ध झालेले यांतले अंतर दाखवायला त्या 326 स्त्रियांना आपले गरोदरपण पणाला लावावे लागले.

मग बाळाच्या रक्ताचे काय? इतकी वर्षे चर्चा आईच्या रक्ताची झाली. बाळाचे जनुक निम्मे बापाचे असते आणि वारेच्या पलीकडचे रक्त त्याचे स्वतःचे असते. 1983-84 मध्ये अशा अर्भकांची वर्णने आली ज्यांना प्रथिन सीचे बिघडलेले जनुक दोन्ही पालकांकडून मिळाले होते. जन्मानंतर काही तासांत अंगावर जांभळे-काळे चट्टे, आणि तपासल्यावर कळे की मेंदूत आणि डोळ्यांत गुठळ्या जन्माआधीच होऊन गेल्या आहेत. आईबाप मात्र बहुधा ठणठणीत. असे मूल लाखोंत एखादे. 1997 मध्ये लायडन बदल असलेल्या तीन बाळांची नोंद झाली, ज्यांच्या मेंदूला गर्भातच किंवा जन्माच्या सुमारास झटका आला होता आणि वारेतही गुठळ्या होत्या. तिघांवरून सिद्धांत उभा राहत नाही. पण हेपॅरिन वार ओलांडत नाही, तेव्हा बाळाच्या बाजूच्या गुठळीवर ते कसे चालावे, हा साधा प्रश्न त्या काळात फार कमी जणांनी विचारला.

2007 मध्ये अमेरिकेत मिल्वॉकीच्या प्रयोगशाळेत रश्मी सूद आणि हार्टमुट वायलर यांच्या गटाने उंदरांवर हे तपासले. लायडन बदल असलेल्या उंदरिणींची साधी पिल्ले तगली. पिल्लाच्या स्वतःच्या वारेत गोठणे आवरणाऱ्या थ्रॉम्बोमॉड्युलिनचे काम बिघडलेले असेल, तेव्हाच गर्भ गेले, आणि त्यातही आईच्या बिंबाणूंचा हात होता. एकट्या आईच्या अक्षराने काही बिघडत नव्हते. दोन जीवांच्या जनुकांची गाठ पडावी लागत होती. उंदरांवरून माणसांविषयी ठाम बोलता येत नाही, पण आईला एकटीला कारण ठरवणारी सगळी मांडणी अपुरी होती, हे यातून दिसते.

एका बाजूने तर हे अक्षर बाईच्या बाजूचेच निघाले. 1998 मध्ये स्वीडनमध्ये पेल्ले लिंडक्विस्ट यांनी बाळंतपणात जाणारे रक्त मोजले. लायडन बदल असलेल्या स्त्रियांचे रक्त कमी गेले. दवाखाना, रक्तपेढी, टाके यांतले काहीच नव्हते त्या हजारो वर्षांत बाळंतपणातून उठणाऱ्या बायकांत या अक्षराच्या वाहक जास्त असाव्यात, म्हणूनच ते युरोपात इतके पसरले असावे, असा तर्क त्यांनी मांडला. गुठळीचा धोका उतारवयात वाढतो, आणि तितके वय गाठणे तेव्हा थोड्यांच्याच वाट्याला येई.

आज युरोपच्या प्रजनन-वैद्यक संस्थेची शिफारस अशी आहे की वारंवार गर्भपात झाले एवढ्यावरून वारशाच्या गोठणदोषांची चाचणी करू नये; गुठळीचा वेगळा धोका असेल किंवा संशोधनापुरतीच ती करावी. एमटीएचएफआरची तपासणी तर अमेरिकेच्या जनुकवैद्यक संस्थेने 2013 मध्येच यादीतून काढायला सांगितली. इंजेक्शने मात्र बाद झालेली नाहीत, ती योग्य बायकांना मिळायला हवीत. रक्तात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे तयार होण्याचा विकार वारशाचा नाही, नंतर होणारा आहे. त्यात लंडनच्या 1997 मधल्या 90 स्त्रियांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनसोबत हेपॅरिन दिल्यावर जिवंत बाळांचे प्रमाण 42 वरून 71 टक्क्यांवर गेले. तिथे औषध अजून दिले जाते. जिला आधी गुठळी झाली आहे, जिच्यात अँटिथ्रॉम्बिनच कमी आहे, जिला लायडन बदल दोन्ही पालकांकडून आला आहे, तिच्यासाठी गरोदरपणभर आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे हा टोचा तिचा स्वतःचा जीव वाचवतो. या बायका हुडकायला महागडी यादी सहसा लागत नाही. तुमच्या आईला, मावशीला, बहिणीला बाळंतपणात पायाला सूज येऊन दवाखान्यात राहावे लागले होते का, कोणी अचानक दम लागून गेले होते का, हे नाव नोंदवतानाच विचारले तर पुष्कळ कळते. उत्तर ज्या घरातून हो असे येते, तिथे तपासणीचा कागद त्या बाईसाठी लिहावा, तिच्या गेलेल्या बाळांचे कारण शोधण्यासाठी नव्हे.